उद्या शाळा आहे का? पावसाच्या सुट्टीचा अंदाज आदल्या रात्री कसा बांधायचा

सड्यावरची | सोमवार, रात्री ८:१०

पुनर्वसूचा तरणा पाऊस सरत आला, आता पुष्य लागेल. दरवर्षी या पंधरवड्यात आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री नऊ वाजले की एकच प्रश्न सुरू होतो, "बाई, उद्या शाळा आहे का?" मी संगमेश्वर तालुक्यात माध्यमिक शाळेत शिकवते. शाळा बाजारपेठेजवळ, पण मुलं येतात ती सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या वाड्यांतून, शास्त्री नदीच्या काठच्या गावांतून आणि पार डोंगराच्या कुशीतल्या धनगरवाड्यांतून. त्यामुळे "आहे" किंवा "नाही" असं एका शब्दात सांगता येत नाही, आणि पालकांना तर तेवढंच हवं असतं.

जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाची वाट बघावी म्हटलं, तर तो कधी संध्याकाळी सहाला येतो, कधी रात्री दहाला, कधी पहाटे. धनगरवाडीतलं पोर पावणेसहाला घर सोडतं. त्याच्या आईला आदल्या रात्री काहीतरी सांगता यायला हवं.

मी काय बघते ते सांगते. हवामान खात्याचा जिल्हानिहाय इशारा दुपारी एकच्या सुमारास येतो, त्यात पुढच्या काही दिवसांचे रंग असतात. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून मुसळधार, ११५.६ पासून अतिमुसळधार, २०४.४ च्या पुढे अत्यंत मुसळधार, ही त्यांची मापं. पण हे चोवीस तास सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ असे मोजतात. १२० मिलिमीटर दिवसभर संततधार पडला तर आपल्याकडे तो नेहमीचा आषाढ. मुलं छत्र्या सांभाळत येतात. तेवढाच पाऊस पहाटे तीन ते सहा कोसळला तर आमच्या खालच्या पऱ्यावरचा (ओढ्यावरचा) साकव, म्हणजे छोटा पूल, दिसतसुद्धा नाही. नोंद मात्र दोन्ही दिवशी सारखीच होते.

शिवाय रंग अख्ख्या जिल्ह्याला एक. मंडणगडपासून राजापूरपर्यंत सगळे एकाच रंगात. खेडला जगबुडी नदी फुगलेली असते तेव्हा राजापुरात नुसती भुरभुर असू शकते, उलटही होतं.

तुम्ही तुमच्या भागात काय बघून ठरवता? पालक, शिक्षक, एसटीवाले, खाडीवाले, सगळ्यांनी लिहा. "पाऊस जास्त असला की" एवढं नको. नेमकं काय दिसलं की तुम्ही पोराचं दप्तर भरत नाही, ते हवं आहे.

वस्तीची_एसटी | सोमवार, रात्री ८:४२

बाई, मी एसटीत वाहक होतो. बरीचशी नोकरी वस्तीच्या गाड्यांवर गेली. माझं उत्तर सोपं आहे: रात्रीची वस्तीची गाडी गावात पोचली का, एवढं विचारा.

गाडी पोचली असेल तर सकाळी सहाला ती तिथूनच निघते आणि हायस्कूलची निम्मी पोरं तीच घेऊन येते. मोरीवरून पाणी आहे म्हणून चालकाने अलीकडच्या गावातून गाडी फिरवली असेल, तर मग रात्रीत पाऊस थांबला तरी सकाळी त्या गावात गाडी नाही. आगारातून दुसरी सुटायची ती रस्त्याची खात्री झाल्यावर, म्हणजे आठ-साडेआठ. आदेश असो नसो, त्या गावाची शाळा रात्रीच बुडाली.

पुलावरून पाणी जात असताना गाडी घालायची नाही, हे आम्हाला पहिल्यापासून बजावलेलं. लोक ओरडतात, "अहो गुडघाभर पण नाही, घाला." २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या काळातला पूल वाहून गेला, त्यात आमच्या दोन गाड्या गेल्या. राजापूर–बोरिवली आणि जयगड–मुंबई. तेव्हापासून कोणी कितीही ओरडलं तरी चालक सहसा ऐकत नाही, आणि ऐकूही नये. पाण्याखाली रस्ता आहे की नाही हे वरून कळत नाही.

पनवेलची_आई | सोमवार, रात्री ८:५५

आमचं सगळं निराळं आहे. कामोठ्यात राहतो, शाळा खारघरला. साकव नाही, पऱ्या नाही, वस्तीची गाडी नाही. व्हॅनवाले दादा सकाळी सहाला मेसेज टाकतात, "आज नाही येत", की झालं. आमच्याकडे पाणी भरतं ते सखल भागात, भरती असेल तर निचरा होत नाही म्हणून, आणि दोन-तीन तासांत उतरतंही.

माझी अडचण वेळेची आहे. आम्ही दोघं नोकरीला, सातला घर सोडतो. पहाटे साडेसहाला सुट्टी जाहीर झाली तर सात वर्षांच्या मुलीला कुठे ठेवायचं? पोलादपूरला दरड कोसळायची भीती म्हणून रायगडभर सुट्टी, आणि पनवेलला दिवसभर ऊन, असंही होतं. पोलादपूरच्या मुलांची काळजी मलाही आहे. पण एका जिल्ह्यात उरण, पनवेल, माथेरानचा पायथा, श्रीवर्धन आणि महाड असताना सगळ्यांना एकच मोजपट्टी का?

निवृत्त_मंडळ | सोमवार, रात्री ९:३०

महसूल खात्यात मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो. आदेश कसा निघतो ते लिहितो, म्हणजे अंदाज बांधताना कुठे बघायचं ते कळेल.

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा. त्यानुसार जिल्हाधिकारी हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष. पावसाच्या सुट्टीचे आदेश याच कायद्याचा आधार घेऊन निघतात, म्हणून ते सरकारी, खासगी, इंग्रजी माध्यम, कॉलेज, अंगणवाडी सगळ्यांना लागू होतात. काही आदेशांत सुट्टी फक्त विद्यार्थ्यांना असते, शिक्षकांनी शाळेत हजर राहायचं असतं. आदेश शेवटपर्यंत वाचावा.

साहेबांपुढे संध्याकाळी काय असतं? हवामान खात्याचा इशारा, तहसीलदारांकडून आलेली परिस्थिती, नद्यांची पातळी, धरणांतले विसर्ग. प्रत्येक नदीची इशारा पातळी आणि धोका पातळी ठरलेली आहे. महाडला सावित्रीची धोका पातळी ६.५० मीटर, नागोठण्याला अंबेची ९ मीटर. हे आकडे जिल्ह्याच्या रोजच्या पूरस्थितीच्या पत्रकात येतात आणि ते कोणालाही बघता येतात. माझा अनुभव असा की नुसत्या लाल रंगापेक्षा "लाल रंग आणि नदी आधीच इशारा पातळीजवळ" ही जोडी दिसली की आदेश जवळजवळ नक्की. जून महिन्यातल्या पहिल्या लाल इशाऱ्याला जमीन तहानलेली असते, पाणी पिऊन घेते. तोच इशारा जुलैच्या शेवटी आला तर डोंगर भिजून फुगलेले असतात, पडेल तो थेंब सरळ नदीत जातो. म्हणून मागच्या चार-पाच दिवसांत तुमच्या महसूल मंडळात (काही गावांच्या गटात) किती पडला ते आधी बघा, मग उद्याचा रंग बघा.

तारखा आठवा. जांभूळपाड्याचा पूर २४ जुलै १९८९. दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथल्या दरडी २००५ च्या २५-२६ जुलैच्या. तळियेची दरड २२ जुलै २०२१, त्याच दिवशी चिपळूण आणि महाड बुडाले. इर्शाळवाडीची दरड १९ जुलै २०२३ च्या रात्रीची. सगळं जुलैच्या उत्तरार्धात. जुलैच्या या दिवसांत माझ्या हाताखालचा एकही तलाठी मुख्यालय सोडून गेलेला मला चालत नसे.

आता पनवेलच्या ताईंच्या प्रश्नाबद्दल. तालुक्यांची नावं घालून सुट्टी देता येते आणि रायगडात तशी दिलेलीही आहे. पण रात्री नऊ वाजता पाऊस नेमका कुठल्या तालुक्यावर ओतणार हे सांगता येत नाही, तेव्हा अधिकारी अख्खा जिल्हा घेतो. एक तालुका वगळला आणि नेमकं तिथेच काही झालं, तर ते ओझं आयुष्यभर राहतं. मी त्या खुर्चीच्या खूप खाली होतो, तरी मला ते कळतं.

सड्यावरची | सोमवार, रात्री ९:४८

काका, "चार-पाच दिवसांचा आधी बघा, मग उद्याचा" हे मी उद्याच फळ्याशेजारी लिहून ठेवते. एक भर घालते. हवामान खातं सातारा आणि कोल्हापूर जिल्ह्यांच्या घाटमाथ्याचा इशारा वेगळा देतं. आपल्याला वाटतं तो देशावरचा, आपला काय संबंध. पण सावित्री महाबळेश्वरला उगम पावते आणि महाडला येते. २२ जुलै २०२१ च्या सकाळी आपण चिपळूणकडे बघत होतो, तेव्हा महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पडत होता. त्यामुळे मी हल्ली रत्नागिरीच्या रंगाबरोबर सातारा घाटमाथ्याचा रंगही बघते. कणकवली, वैभववाडी, राजापूरच्या लोकांनी कोल्हापूरच्या घाटमाथ्याचा बघावा.

आणि त्या २०२१ च्या दिवसाबद्दल एक गोष्ट फार बोलली जात नाही. कोविडमुळे तेव्हा बहुतेक शाळा बंदच होत्या. चिपळूणमध्ये पाणी पहाटे चढलं, म्हणजे एरवीच्या वर्षी ज्या वेळी पहिल्या गाड्यांतून मुलं निघतात त्याच्या आगेमागे. आदेश कधी निघाला असता, कोणापर्यंत पोचला असता, हे मी पुष्कळदा मनात मांडून बघते आणि दर वेळी पोटात गोळा येतो.

दर्यावाला | सोमवार, रात्री १०:०५

खाडीवाल्यांसाठी. हरणैकडचा आहे. नदीच्या पातळीचा आकडा एकटा कामाचा नाही, त्याला भरतीची वेळ जोडा. दाभोळच्या खाडीतून भरतीचं पाणी चिपळूणपर्यंत चढतं, बाणकोटच्या खाडीतून महाडच्या बाजूला. वरून पूर आणि खालून भरती एकाच वेळी आली की मधल्या गावाचं पाणी हलत नाही. ओहोटी असेल तर तेवढाच पूर खाडी गिळून टाकते.

वेळ काढायला कालनिर्णय पुरतं. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या आसपास भरती. अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास, दुपारी आणि मध्यरात्री. हे मुंबईच्या बाजूचं गणित, रत्नागिरीकडे भरती त्याच्या थोडी आधी लागते. बारा-साडेबारा तासांनी परत भरती. तिथी कळली की शाळा सुटायच्या वेळी खाडी भरलेली असेल की रिकामी हे अंगठ्यावर सांगता येतं.

उधाणाचे दिवस म्हणजे अमावास्या-पौर्णिमा आणि पुढचे दोन-तीन. २२ जुलै २०२१ ला पौर्णिमा दोन दिवसांवर होती. आमच्यातली जुनी माणसं आषाढातल्या उधाणाला बायका-पोरांना खाडीपलीकडे पाठवतच नसत.

बर्फातला_दापोलीकर | मंगळवार, सकाळी ६:२०

मूळचा दापोलीचा, सध्या अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाला, बफेलोजवळ. धागा वाचताना मजा वाटली की इथेही हिवाळ्यात घरोघर हाच प्रश्न असतो, फक्त पावसाच्या जागी बर्फ.

इथे सरोवरावरून येणारा बर्फ अरुंद पट्ट्यात पडतो. एका गावात कंबरभर आणि गाडीने पंधरा मिनिटांवर कोरडा रस्ता. पण इथल्या पद्धतीतला मोठा फरक असा की शाळांचे 'डिस्ट्रिक्ट' आपल्या जिल्ह्यासारखे मोठे नसतात, एखाद्या गावापुरते किंवा चार गावांपुरते असतात. प्रत्येकाचा शिक्षण अधीक्षक आपला आपण निर्णय घेतो. पहाटे चारला उठून तो रस्ता साफ करणाऱ्या खात्याला फोन करतो, बसच्या प्रमुखाला विचारतो, शेजारच्या अधीक्षकांशी बोलतो, पुष्कळदा स्वतः गाडी काढून रस्ते बघून येतो. साडेपाचच्या आसपास पालकांना फोन आणि मेसेज जातात. ग्रामीण भागातल्या शाळा आधी बंद होतात, कारण त्यांच्या बसना लांबच्या, वळणाच्या, उशिरा साफ होणाऱ्या रस्त्यांवरून जावं लागतं. शहरातली शाळा त्याच बर्फात चालू असते.

इथे 'स्नो डे कॅल्क्युलेटर' नावाची एक वेबसाइट मुलांत भलतीच लोकप्रिय आहे. तुमचा पिनकोड, या हिवाळ्यात आतापर्यंत किती सुट्ट्या झाल्या, आणि शाळा कुठली, शहरी सरकारी, ग्रामीण सरकारी की खासगी, एवढं भरलं की उद्या सुट्टीची शक्यता किती टक्के ते सांगते. शाळा शहरी की ग्रामीण हे ती विचारते, याकडे लक्ष द्या. आणि आतापर्यंतच्या सुट्ट्या विचारते, कारण राज्याच्या नियमाने वर्षाला १८० दिवस भरावे लागतात आणि राखीव दिवस संपत आले की अधीक्षकाचा हात आखडतो.

आणखी एक सोय आपल्याकडे आणण्यासारखी आहे. सुट्टी द्यायची की नाही असा पेच असेल तर 'दोन तास उशिरा' जाहीर करतात. तेवढ्यात उजाडतं, रस्ते साफ होतात, बस निघतात. पहाटे तीनला कोसळलेला पाऊस आणि बुडालेला साकव, हे मला नेमकं त्याच जागेचं वाटलं.

सड्यावरची | मंगळवार, सकाळी ६:३५

दोन तास उशिरा! आमचा पऱ्या तर तेवढ्यात खरंच उतरतो. सड्यावरचं पाणी जितक्या वेगाने येतं तितक्याच वेगाने जातं. सकाळी सातला छातीभर, दहाला पोटरीभर. शास्त्रीचं तसं नाही, ती चढायला वेळ लावते आणि उतरायलाही. म्हणजे एकाच शाळेतल्या दोन वाड्यांना दोन वेगळी उत्तरं.

आज शाळा आहे. वस्तीची गाडी रात्री पोचली होती, मी फोन करून विचारलं.

व्हाळापलीकडे | मंगळवार, दुपारी १:१५

आमी दोडामार्गाकडचे. मालवणीतच लिवतंय, समजान घेवा. आमच्या हय सकाळी ऊन पडलेला आसता, पोरां खुशीत शाळेत जातत, आणि दुपारी व्हाळ भरान व्हावता. पाऊस खय? वर घाटात. हय थेंब नाय. म्हणान माका जावचा काय वाटना नाय, येवच्या वेळेचा भय वाटता. सकाळी घरात ठेवलेला पोर घरात आसता. दुपारी अर्ध्या वाटेर आसलेला पोर खय आसता ता कोणाक ठावक?

आमची आजी डोंगराचो माथो बघी. माथो काळोखान गिळलेलो दिसलो की दुपारच्या आधी पोरांका आणूक माणूस धाडी. मी आजपण ताच करतंय. बांद्याक बाजारात तेरेखोलचा पाणी शिरता तेवा आमच्या वाडीत कोणाक कायच कळना नाय, आमचो व्हाळ मोकळो आसता. तेवा जिल्ह्याचो रंग आमका काय सांगतलो? व्हाळाच्या वर राहणाऱ्या माणसाचो फोन नंबर जवळ आसूक होयो, ता खरा.

सड्यावरची | मंगळवार, दुपारी ४:५०

व्हाळापलीकडे ताई, तुम्ही दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. सगळी चर्चा सकाळच्या सुट्टीभोवती फिरते. मला खरी भीती वाटते ती 'लवकर सोडण्या'ची. दुपारी बाराला पाऊस वाढला की पालकांचे फोन सुरू होतात, "सोडा पोरांना", आणि एखादी शाळा घाबरून सगळ्यांना एकदम सोडून देते. त्या वेळी एसटी नसते, वस्तीच्या गाडीला अजून पाच तास असतात, मुलं चालत निघतात आणि नेमकी चढत्या पाण्यात सापडतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला तो बराचसा दुपारनंतर. त्या संध्याकाळी मुंबईत असंख्य मुलं शाळांतच राहिली, आणि जी शाळेत राहिली ती कोरडी आणि सुरक्षित होती.

आमच्या शाळेत म्हणून आम्ही एक रीत पाडली आहे. मधेच सोडायचं झालं तर वाडीनिहाय सोडतो. प्रत्येक वाडीच्या पोलीस पाटलांना किंवा पऱ्याजवळच्या घराला फोन लागला पाहिजे, पाणी कुठवर आहे ते त्यांनी डोळ्यांनी बघून सांगितलं पाहिजे, आणि मुलांबरोबर एक मोठं माणूस हवं. यातलं एक जरी नसलं तर त्या वाडीची मुलं शाळेत थांबतात. पोषण आहाराचा तांदूळ असतो, खिचडी होते. रात्र काढायची वेळ आली तरी छप्पर आहे. पालकांना जूनच्या पहिल्या सभेतच हे सांगून ठेवतो, नाहीतर ऐन पावसात वाद होतात.

कातकरवाडी_ताई | मंगळवार, सायंकाळी ६:३०

मी सुधागड भागात आदिवासी वाड्यांवर काम करते. दोन गोष्टी सांगायच्या आहेत, दोन्ही या धाग्यात आल्या नाहीत.

सुट्टी पडली की आमच्या मुलांचं दुपारचं जेवण बुडतं. शहरातल्या माणसाला हे लक्षात येणार नाही. जुलै म्हणजे घरातलं धान्य तळाला गेलेलं असतं, आई-बाप लोकांच्या शेतावर लावणीला. शाळेतली खिचडी हे त्या दिवसाचं पोटभर जेवण असतं. सलग तीन दिवस सुट्टी म्हणजे सलग तीन दिवस अर्धपोटी.

आणि सुट्टी म्हणजे मूल घरात, असं आपण धरून चालतो. मोठी माणसं शेतावर गेल्यावर मुलं घरात बसत नाहीत. ती खेकडे धरायला ओढ्यावर जातात. ज्या पाण्यापासून वाचवायला सुट्टी दिली त्याच पाण्याच्या कडेला दिवस काढतात. म्हणून मला वाटतं, ज्या वाडीत शाळा वाडीतच आहे, मधे ओढा नाही आणि वरून दरडीचा धोका नाही, तिथे पावसाच्या दिवशी शाळा उघडी असणं जास्त सुरक्षित. शिक्षक बाहेरगावाहून येणारे असतील आणि पोचत नसतील तर स्वयंपाकाच्या मावशी आणि अंगणवाडीताई तरी शाळा उघडू शकतात. आदेशात तेवढी मुभा असली पाहिजे.

दरडीखालच्या वाड्यांचं मात्र उलट. तिथे प्रश्न शाळेचा नाहीच, रात्रीचा आहे. इर्शाळवाडी रात्री गाडली गेली. अशा वाडीतली मुलं लाल इशाऱ्याच्या रात्री घरात झोपण्यापेक्षा खालच्या शाळेच्या इमारतीत झोपलेली मला बरी वाटतात.

पनवेलची_आई | मंगळवार, सायंकाळी ७:०५

ताई, जेवणाचं माझ्या खरंच डोक्यात आलं नव्हतं. वाचून गप्प झाले. मी काल ऊन पडल्याची तक्रार केली होती. आता असं वाटतं की पनवेलला एक दिवस उगाच सुट्टी गेल्याने आमचं जे बिघडतं ते निभावण्यासारखं आहे. फक्त आदेश संध्याकाळी सातच्या आत यावा, एवढी मागणी मी सोडणार नाही. आमच्या सोसायटीत यंदा तीन घरांनी मिळून ठरवलंय, सुट्टी जाहीर झाली की त्या दिवशी ज्याचं घरून काम असेल त्याच्याकडे सगळी मुलं.

निवृत्त_मंडळ | मंगळवार, सायंकाळी ७:४०

कातकरवाडीच्या ताईंनी लिहिलेली मुभा तालुका पातळीवर मागून बघा. तहसीलदारांकडे मान्सूनपूर्व बैठक होते, तिथे गटशिक्षणाधिकारीही असतात. त्या वेळी शाळांची यादीच करून द्यावी: कुठली शाळा वाडीतच आहे, कुठल्या शाळेच्या वाटेवर पाणी आडवं येतं, कुठली दरडीखाली. ऐन रात्री असा विचार करायला कोणालाच फुरसत नसते.

दिवसांचं गणितही सांगून ठेवतो, कारण मुख्याध्यापक घाबरतात. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षाला २०० आणि सहावी ते आठवीला २२० दिवस कामकाज सांगितलं आहे. पावसाच्या सुट्ट्या शनिवार-रविवारी भरून काढता येतात. त्यापायी कोणी धोका पत्करू नये.

आणि खोट्या आदेशांपासून सावध राहा. मागच्या वर्षीच्या आदेशाचा फोटो तारीख खोडून फिरवतात. तारीख आणि वार जुळतो का बघा, आणि जिल्हा माहिती कार्यालयाच्या खात्यावर तोच आदेश आहे का बघा. नसेल तर पुढे पाठवू नका.

बर्फातला_दापोलीकर | मंगळवार, रात्री ८:१५

इथे बसून एक काम करू शकतो. या धाग्यावर जे जे आलं, मागच्या चार-पाच दिवसांचा पाऊस, उद्याचा रंग, घाटमाथ्याचा रंग, नदीची पातळी, तिथी, वस्तीची गाडी, ते भरायला एक साधा तक्ता करतो. रोज रात्री नऊला ज्याने त्याने आपापल्या गावाचं भरायचं आणि दुसऱ्या दिवशी शाळा खरंच भरली का तेही. दोन पावसाळे नोंदी झाल्या की कुठल्या गावात कशाला वजन द्यायचं ते दिसेल. लगेच टक्के काढायच्या फंदात पडू नये असं माझं मत आहे, कारण "सत्तर टक्के" असा आकडा दिसला की लोक तो आदेशासारखा धरतात.

सड्यावरची | मंगळवार, रात्री ८:४०

टक्के नकोच. तक्ता मात्र लगेच करा. त्यात दोन रकाने वाढवा: "जायच्या वेळी वाट मोकळी होती का" आणि "परतायच्या वेळी". आणि सुरुवातीलाच 'शाळेच्या वाटेत पाणी आडवं येतं का' हा प्रश्न, तुमच्या त्या वेबसाइटवरच्या शहरी-ग्रामीणसारखा.

संगमेश्वरचं मी भरते. हरणैचं दर्यावाला, दोडामार्गचं व्हाळापलीकडे, सुधागडचं ताई, कामोठ्याचं पनवेलची आई. वस्तीची एसटी काका, तुमच्या ओळखीने खेड आणि चिपळूण आगाराचं मिळेल का? राजापूरकडचं कोणी आहे का इथे? जवाहर चौकात पाणी आलं की बातम्यांत कळतं, पण पलीकडच्या गावांचं काहीच कळत नाही.

वस्तीची_एसटी | मंगळवार, रात्री ८:५२

दोन्ही आगारांत माझ्या वेळची माणसं अजून आहेत. वस्तीच्या गाड्या साडेआठपर्यंत पोचतात, नऊला यादी देतो. आजची खेडची देऊन टाकतो: सगळ्या पोचल्या.

अर्जुनाकाठ | मंगळवार, रात्री ९:१०

राजापूरची मी आहे, आजवर नुसती वाचत होते. घर अर्जुना नदीच्या अंगाला, मुलगा आठवीत, शाळा पलीकडे. कोदवली आणि अर्जुना दोन्ही नद्यांचं सांगू शकते, वरच्या बाजूला माहेर आहे, तिथे फोन लागतो. आज संध्याकाळपासून जोर आहे, अर्जुना गढूळ झाली आहे पण पात्रात आहे. पहाटे पाचला परत बघून लिहिते.